विजेवर चालणारी गोल्फ ट्रॉली: तीन हिवाळे वापरल्यानंतर

मणक्यातील चकतीचे दुखणे उद्भवले तेव्हा डॉक्टरांनी मला दोन गोष्टी एका दमात सांगितल्या: चालणे बंद करायचे नाही आणि खांद्यावर ओझे घ्यायचे नाही. गोल्फ खेळणाऱ्याला या दोन्ही अटी एकत्र पाळणे अवघड जाते. नियमाप्रमाणे बॅगेत चौदा क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) ठेवता येतात, आणि त्यांत चेंडू, छत्री, पावसाळी जाकीट, पाण्याची बाटली व खाण्याचा डबा यांची भर पडली की बॅगेचे वजन बारा-चौदा किलोंवर सहज जाते. अठरा होलांच्या, म्हणजे चेंडू ज्यांत घालायचा त्या अठरा खळग्यांच्या, एका फेरीत आठ ते दहा किलोमीटर चालणे होते. एवढे अंतर बग्गीत, म्हणजे मैदानावरच्या छोट्या मोटारगाडीत, बसून कापले तर चालणे राहून जाते, आणि बॅग खांद्यावर घेतली तर दुसऱ्या दिवशी पाठ उचलत नाही. म्हणून मी विजेवर चालणाऱ्या ट्रॉलीकडे, म्हणजे बॅग वाहून नेणाऱ्या मोटर लावलेल्या गाड्याकडे, वळले. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या आसपास या खेळाकडे वळलेले मराठी लोक माझ्या ओळखीत बरेच आहेत आणि ‘कोणती ट्रॉली घेऊ?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, या हेतूने हे लिहीत आहे.

आपल्याकडे कॅडी म्हटले की बॅग घेऊन सोबत चालणारा आणि खेळाची जाण असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमधल्या साध्या क्लबांत असा माणूस मिळत नाही. खेळाडू आपली बॅग स्वतःच नेतो, आणि म्हणून हे यंत्र इथे घरोघरी पोचले. केंट परगण्यातील पॉवाकॅडी ही कंपनी 1983 पासून या धंद्यात आहे, तिची मोठी स्पर्धक मोटोकॅडी 2004 मध्ये सुरू झाली, आणि ग्लॉस्टरची स्टुअर्ट गोल्फ ही कंपनी खेळाडूच्या मागोमाग आपोआप चालणाऱ्या ट्रॉलीसाठी ओळखली जाते. शनिवारी सकाळी आमच्या क्लबाच्या पहिल्या टीपाशी, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे, उभे राहिले तर दर चार खेळाडूंमागे दोन-तीन जणांकडे विजेची ट्रॉली दिसते.

माझी पहिली ट्रॉली जुनी, दुसऱ्याने वापरलेली होती. तिच्या कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक यंत्राची कमी आणि माझ्या निवडीची जास्त होती. ती स्वस्त मिळाली, मोटर जोमदार होती, चढ ती आनंदाने चढायची. आमच्या मैदानावर चौदाव्या होलची टी उंचावर आहे आणि तिथून पायवाट थेट ओढ्याकडे उतरते. एका ओल्या नोव्हेंबरमध्ये मी त्या उतारावर हातमोजा काढण्यासाठी हँडल क्षणभर सोडले. मोटर बंद होती, तरी ट्रॉली आपल्या वजनाने निघाली. आधी तिचा वेग चालण्याइतका होता, मग धावण्याइतका झाला, आणि मी चार पावले टाकेपर्यंत तिचे पुढचे चाक ओढ्याच्या काठावरच्या मुळावर आदळून ती उलटली. ‘ड्रायव्हर’ या सर्वांत लांब क्लबचा दांडा वाकला, बॅटरीची जोडणी पाण्यात गेली आणि ट्रॉली कायमची बंद पडली. जवळपास कोणी उभे नव्हते, याचे समाधान मला आजही वाटते, कारण बॅगेसह पंचवीस-तीस किलोंचे ते ओझे एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर गेले असते.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे की ट्रॉली विकत घेताना सर्वांत आधी ब्रेक पाहावा, आणि तो दुकानातल्या गालिच्यावर न पाहता आपल्या मैदानाच्या सर्वांत तीव्र उतारावर पाहावा. यात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि विक्रेते त्या अनेकदा एकाच वाक्यात उरकतात. पहिली म्हणजे उतारावरचे वेगनियंत्रण: आपण ठरवलेल्या वेगापेक्षा चाके जोरात फिरू लागली की मोटरच त्यांना मागे ओढते आणि ट्रॉली चढावर जशी चालते तशीच उतारावरही संथ चालते. दुसरी म्हणजे थांबल्यानंतरचा ब्रेक: बटण दाबून ट्रॉली उभी केली की ती उतारावर तशीच उभी राहिली पाहिजे. काही ट्रॉल्यांत पहिली सोय असते आणि दुसरी नसते. स्वस्त नमुन्यांत कधी दोन्ही नसतात. ज्यांचे मैदान तव्यासारखे सपाट आहे त्यांचे याविना चालेल. टेकडीवर खेळणाऱ्यांनी मात्र यासाठी लागणारे जास्तीचे शंभर-दीडशे पाउंड कुरकुर न करता द्यावेत. आमच्या क्लबातील प्रो-शॉपमधून (गोल्फच्या सामानाच्या दुकानातून) मी तीन ट्रॉल्या एकेका फेरीपुरत्या मागून घेतल्या, प्रत्येक ट्रॉली भरलेल्या बॅगेसह चौदाव्या होलच्या उतारावर उभी केली, दहापर्यंत आकडे मोजले आणि मगच निर्णय केला. तिघींपैकी एक हळूहळू, जेमतेम दिसेल अशा गतीने खाली सरकत होती. ती मी घेतली नाही.

याउलट, जाहिरातीत सर्वांत मोठी जागा पडद्याला मिळते. हँडलवरच्या या रंगीत पडद्यावर ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) पुढच्या, मधल्या आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर दिसते, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे दिसतात, फोन जोडला तर फोनवर आलेला निरोपही दिसतो. गोल्फच्या 2019 च्या नियमावलीपासून अंतर मोजणारी साधने वापरायला सर्वसाधारण मुभा आहे. एखाद्या स्पर्धेच्या समितीने स्थानिक नियम करून ती नाकारली तरच अडचण येते. चढउतार हिशेबात घेऊन ‘इतक्या यार्डांसारखे खेळा’ असे सांगणारी सोय मात्र स्पर्धेत वापरता येत नाही, आणि तुमच्या पडद्यावर ती असेल तर ती बंद कशी करायची हे पहिल्या दिवशीच शिकून घ्यावे. माझ्या मनगटावरचे घड्याळ हेच सगळे सांगते, म्हणून मी बिनपडद्याचा, चार रेघांत बॅटरी दाखवणारा साधा नमुना घेतला. पावसात भिजलेल्या पडद्यावर ओल्या बोटाने काही उमटत नाही, हे सोबतच्या खेळाडूंची तारांबळ पाहून मला कळले होते. हातमोजा घालूनही फिरवता येईल अशी गोल खुंटी आणि ती दाबली की चालू-बंद, एवढे मला पुरते.

बॅटरीविषयी जरा थांबून सांगायला हवे, कारण वापरातल्या बहुतेक तक्रारी तिथेच उगम पावतात. जुन्या ट्रॉल्यांना शिशाच्या बॅटऱ्या असत, ज्यांचे वजन नऊ-दहा किलोंच्या घरात जाई आणि ज्या अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ठेवल्या तर लवकर मरत. आता जवळपास सर्वत्र लिथियम बॅटरी आली आहे. ती दोन-तीन किलोंची असते, हातात धरून घरात नेता येते आणि अनेक उत्पादक तिच्यावर पाच वर्षांची हमी देतात. दुकानात तिची ओळख ‘अठरा होलांची’ किंवा ‘छत्तीस होलांची’ अशी करून देतात. हे आकडे सपाट, कोरड्या, उन्हाळी मैदानासाठी धरलेले समजावेत. आमचा क्लब सरे परगण्याच्या दक्षिणेकडच्या चिकणमातीच्या पट्ट्यात आहे. हिवाळ्यात तिथे चाकांना दोन बोटे जाड चिखल चिकटतो, मोटरला प्रत्येक पावलाला जोर लावावा लागतो, आणि थंडीत बॅटरीची ताकदही घटते. माझ्या अठरा होलांच्या बॅटरीची शेवटची रेघ अशा दिवशी सोळाव्या होलवर लुकलुकू लागली आणि उरलेले दोन होल मी ट्रॉली ढकलत संपवले. मोटर बंद असलेली ट्रॉली चिखलातून ढकलणे हे साध्या, बिनमोटरच्या ट्रॉलीपेक्षा कितीतरी जड काम आहे. चढाच्या किंवा चिकणमातीच्या मैदानासाठी मोठी बॅटरी सुरुवातीलाच घ्यावी. ती दोन फेऱ्या खेळण्यासाठी नसून एक फेरी निर्धास्त खेळण्यासाठी असते.

चार्जिंगचे माझे तीन नियम आहेत आणि ते मी कधी मोडत नाही. मैदानावरून आल्यावर बॅटरी घरात आणून तासभर तशीच ठेवायची, कारण गोठणबिंदूखालच्या तापमानात लिथियम बॅटरी चार्ज केली तर तिच्या आतल्या सेलना कायमची इजा होते आणि हिवाळ्यात आमचे गॅरेज बाहेरच्याइतकेच गार असते. चार्जर फक्त तिच्यासोबत आलेलाच वापरायचा. आणि रात्री झोपताना किंवा घराबाहेर पडताना ती लावून जायचे नाही, तसेच जिन्यापाशी किंवा दाराच्या वाटेवर ठेवून चार्ज करायचे नाही. लिथियम बॅटरीने पेट घेणे क्वचितच घडते, पण पेटली तर ती आग विझवणे फार कठीण असते. या भीतीने आमच्या क्लबाने शेडमध्ये रात्रभर चार्जिंग लावायला बंदी केली आहे आणि मला ती योग्य वाटते.

ट्रॉलीचे परीक्षण करणारी बहुतेक मंडळी उंच पुरुष असतात, त्यामुळे एक मुद्दा कोणी मांडत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. हँडल छातीच्या उंचीवर आले तर खांदे सतत वर उचललेले राहतात आणि चार तासांनी मान भरून येते. पाठीचे दुखणे वाचवायला घेतलेले यंत्र मानेचे दुखणे देऊन जाते. हँडलची उंची बदलता येते का, आणि सर्वांत खालच्या खाचेत ते आपल्या कोपराच्या जरा खाली येते का, हे उभे राहून पाहावे. तसेच ती डिकीत कोण चढवणार, हा प्रश्न विचारावा. बॅटरी काढल्यावर साध्या विजेच्या ट्रॉलीचे वजन दहा-अकरा किलो असते. आकडा लहान वाटतो, पण कमरेत वाकून, हात लांब करून, डिकीच्या उंच ओठावरून ते उचलणे ही मणक्याची खरी परीक्षा असते. घडी लहान होणे महत्त्वाचे आहेच, पण घडी घातल्यावर दोन्ही हातांनी धरायला नीट जागा आहे का, हे त्याहून महत्त्वाचे आहे. मी चाके आधी काढते, मग सांगाडा डिकीच्या कडेवर टेकवते आणि आत सरकवते. एकदम उचलत नाही.

ही चाके काढण्याची युक्ती सुरुवातीला समजत नाही, म्हणून जवळून सांगते. मागच्या दांड्याला टोकाशी दोन खाचा असतात. चाकाच्या मध्यावरचे बटण दाबून चाक आत सरकवताना एका खाचेत ते ‘टक्’ असे बसते, आणि बटण धरून थोडे पुढेमागे केले की दुसऱ्या खाचेत बसते. एका खाचेत मोटरचा जोर चाकाला मिळतो, दुसरीत चाक मोकळे फिरते, म्हणजे बॅटरी संपली तर ढकलणे त्यातल्या त्यात सोपे जावे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नवी ट्रॉली बिघडली समजून दुकानात परत नेली होती. मोटरचा आवाज येत होता पण ट्रॉली गोल गोल फिरत होती, कारण एक चाक मोकळ्या खाचेत बसले होते. दोन्ही चाके बसवल्यावर हाताने मागे फिरवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

या दांड्याभोवती ओले गवत आणि कधी जाकिटाचा धागा गुंडाळला जातो आणि चाकाच्या आतल्या भागात शिरतो. मी दर फेरीनंतर दातांच्या जुन्या ब्रशने तो साफ करते. पाण्याच्या नळीचा फवारा मात्र मोटरकडे कधीही धरू नये. क्लबाबाहेर बूट साफ करण्यासाठी हवेची नळी असते, तीही चाकांपुरतीच वापरावी, कारण त्या दाबाने चिखलाचे पाणी आत ढकलले जाते. बॅटरीची जोडणी मी कोरड्या फडक्याने पुसते. दुसऱ्या हिवाळ्यात माझी ट्रॉली मधूनच बंद पडू लागली तेव्हा मोटर गेली अशी माझी खात्री झाली होती. प्रत्यक्षात त्या जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढला होता, आणि तो खरवडल्यावर सगळे पूर्ववत झाले.

हिवाळ्यात इथले अनेक क्लब चिकणमातीच्या मैदानावर ट्रॉलीला बंदी घालतात, किंवा बारीक रबरी काट्यांची खास चाके लावल्याशिवाय सोडत नाहीत. ही चाके गवताला रुळासारखी दाबत नाहीत आणि ओल्यावर घसरतही नाहीत; लोक त्यांना हेजहॉग या काटेरी अंगाच्या छोट्या प्राण्यावरून ‘हेजहॉग’ म्हणतात. आपल्या क्लबाचा नियम काय आहे आणि आपल्या नमुन्याला बसतील अशी चाके मिळतात का, हे खरेदीच्या आधीच विचारावे. एरवीचा शिष्टाचार सर्वांना माहीत असतो, तरी नव्या ट्रॉलीच्या उत्साहात सुटतो: ग्रीनवरून, टीवरून किंवा ग्रीन आणि बंकर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून ती न्यायची नाही. पुढच्या टीच्या वाटेवर ती आधीच नेऊन ठेवावी, म्हणजे मागचे खेळाडू खोळंबत नाहीत.

बॅग जुनीच वापरणार असाल तर ती सोबत नेऊन ट्रॉलीवर बांधून पाहा. पाय असलेली, खांद्यावरची बॅग वळणावर फिरते आणि क्लब एका बाजूला झुकतात. ट्रॉलीसाठी केलेल्या बॅगेच्या तळाला खुंट्या असतात, त्या ट्रॉलीच्या तळपट्टीत अडकतात आणि बॅग हलत नाही. पहिल्या महिन्यात मी दर होलला बॅग सरळ करत होते. शेवटी नवी बॅग घ्यावीच लागली.

रिमोटवर चालणाऱ्या आणि मागोमाग येणाऱ्या ट्रॉल्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांना दोन स्वतंत्र मोटरी असतात, उलटू नये म्हणून मागे एक छोटे चाक असते, त्या तीनेक किलोंनी जड असतात आणि त्यांची किंमत हजार ते दोन हजार पाउंडांपर्यंत जाते. ज्यांच्या खांद्याला किंवा मनगटाला दुखापत आहे त्यांच्यासाठी त्या खरोखर उपकारक आहेत. आमच्या गटातील एका बाई खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर केवळ अशा ट्रॉलीमुळे खेळात परतल्या. पण तिरप्या उतारावर ही ट्रॉली खालच्या बाजूला ओढ घेते आणि सतत दुरुस्त करावी लागते, शिवाय रिमोट खिशात असताना चुकून दाबला जाण्याची भीती असते. हात धड असतील तर मला वाटते की साधी, हँडल धरून चालवायची ट्रॉली अधिक शांत सोबत करते. ती सातशे-आठशे पाउंडांत चांगली मिळते. आणि मैदान सपाट असेल, पाठ ठणठणीत असेल, तर शंभर-दीडशे पाउंडांची हाताने ढकलायची तीनचाकी घेऊन उरलेले पैसे शिकवणीवर खर्च करावेत, असे मी मोकळेपणाने सांगते.

दुरुस्तीची चौकशी किमतीइतक्याच गांभीर्याने करावी. माझ्या ट्रॉलीच्या गिअरबॉक्समधून दुसऱ्या वर्षी घरघर येऊ लागली. ती हमीत बसली, पण खोक्यात घालून पाठवणे, वाट पाहणे आणि परत येणे यांत ऐन मे महिन्यातले तीन आठवडे गेले. तेव्हा मला कळले की सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि दुरुस्ती जवळपास कुठे होते हे मी विचारलेच नव्हते. वापरलेली ट्रॉली घेणार असाल तर बॅटरीवरची तारीख वाचा. जुनी बॅटरी बदलायची वेळ आली की स्वस्तात मिळालेल्या ट्रॉलीचा हिशेब पार बदलतो.

ही ट्रॉली पुण्याला नेता येईल का, असे मला दोन-तीन जणांनी विचारले आहे. विमानात सोबत न्यायच्या लिथियम बॅटरीला 100 वॉट-अवरची (हे तिच्यात साठणाऱ्या विजेचे माप) मर्यादा असते. 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यावरची प्रवाशाला नेताच येत नाही. 12.8 व्होल्ट आणि 16 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा गुणाकार 205 च्या आसपास येतो, म्हणजे साधी बॅटरीही मर्यादेबाहेर जाते. पण मला ती नेण्याची गरजच वाटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मी पुण्यात असते तेव्हा ट्रॉलीची बॅटरी अर्धी भरून घरातल्या कपाटात ठेवून जाते, कारण पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी दोन महिने पडून राहणे चांगले नाही. आणि येरवड्याला किंवा बावधनच्या चढावर खेळायला गेले की बॅग कॅडीदादांकडे देते. गेल्या खेपेला एका ग्रीनवर चेंडू होलपासून वीस पावलांवर थांबला होता आणि मला तो होलच्या डावीकडून मारावा असे वाटत होते. ते दादा माझ्या मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, डावीकडं वाटतंय, पण पाणी नदीकडं ओढतं. उजवीकडनं दोन बोटं मारा.” मी दोन बोटे उजवीकडून मारले आणि चेंडू होलच्या कडेला वळसा घालून आत गेला.

मार्चमध्ये परत आल्यावर बॅटरीच्या चारपैकी दोन रेघा दिसत होत्या, जशा सोडल्या होत्या तशाच. ती चार्ज करून, चाके हाताने मागे फिरवून पाहून मी चौदाव्या होलपर्यंत गेले, उतारावर ट्रॉली थांबवली आणि हातमोजा सावकाश काढला. ती जागची हलली नाही.